खाणीवरचे अकरा फोटो

“आत रीळ आहे,” पोरगी म्हणाली.

मी कॅमेरा उलटा करून पाठीमागच्या काचेत बघत होतो. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या झाकणाला मागून बोटाच्या पेराएवढी खिडकी असते, आत रिळाची डबी आहे की नाही ते कळावं म्हणून. डबी होती.

“किती दिवसांचं?” मी विचारलं.

“चौदा वर्षांचं.”

“मोनाली, आत जा,” तिची मावशी कडाडली. मग माझ्याकडे वळली. “आनि तुमी वो? जुनं सामान न्यायला आलासा का चौकशा करायला?”

जयसिंगपूरच्या एका गल्लीतलं घर. २०११चा जुलै संपत आला होता. मी राहायला इचलकरंजीत, कामाला यंत्रमागावर जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल काढायची आणि मिरज, सांगली, जयसिंगपूरच्या गल्ल्यांतून दारोदार विचारत फिरायचं: जुना रिळाचा कॅमेरा आहे का, बंद पडलेला चालेल. लोक मला भंगारवाला समजायचे. समजू देत. तेव्हा माझ्याकडे एकशे त्रेचाळीस कॅमेरे होते, सगळे खिशात मावणारे. झाकण सरकवलं की जागे होणारे. फ्लॅश टुणकन वर येणारे. फोटोत डोळे लाल येऊ नयेत म्हणून आधी दिवा मिचकावणारे. स्वतःच फोकस धरणारे, स्वतःच रीळ पुढे ओढणारे. बटण दाबता आलं की झालं, लहान पोरालाही जमावं.

एकदा पुण्यात अशा छांदिष्टांच्या बैठकीला गेलो होतो. एकानं माझी पिशवी बघून विचारलं, “हे प्लॅस्टिकचे डबे कशाला जमवता?” त्याच्या गळ्यात भारी जर्मन कॅमेरा, आणि त्यात त्यानं आयुष्यभर काय टिपलं, तर सूर्यास्त. मी तिथंच सुनावलं, स्टुडिओची पायरी ज्यांना चढता आली नाही त्यांची बारशी, लग्नं आणि मेलेली माणसं या डब्यांत आहेत, तुझ्यात काय आहे? मला पुन्हा बोलावणं आलं नाही. मलाही गरज नव्हती. सातवी नापास माणूस मी, पण डिक्शनरी मांडीवर घेऊन इंग्रजी माहितीपुस्तकं वाचायचो, कॅमेरे खोलून परत जोडायचो. या डब्यांतलं मला माहीत नाही असं काही उरलेलं नाही, असं मी समजत होतो. ते ‘समजत होतो’ लक्षात ठेवा.

पोरगी आत गेली नाही. एकोणीसची असेल. चौकटीला टेकून उभी राहिली.

“धुवून मिळेल का रीळ?”

“कशाला?” मावशी म्हणाली. “कशापायी उकरायचं?”

“आईचे फोटो असतील.”

मावशी मटकन उंबऱ्यावर बसली. त्या बाईचं नाव मालन. बसल्या बसल्या, मी कोण कुठला हे न विचारता, तिनं सगळं सांगितलं. काही गोष्टी घरच्यांना सांगता येत नाहीत, दारावर आलेल्याला सांगता येतात.

“माझी भन, कांचन. दादला मस्कतला हुता, त्यानं आनला ह्यो कॅमेरा. शिंगणवाडीला त्यांची दगडाची खान हाय, खडीचं क्रशर हाय. खंडेनवमीला मशिनीची पूजा करायला गेली, पाच वर्साच्या ह्या पोरीला संगं घिऊन. क्रशर बंद, मानसं सुट्टीला. आनि खानीच्या पान्यात गेली. पाय घसरला म्हनं.”

“म्हनं?”

“तिचा थोरला दीर, हिंदुराव. त्याची नदर चांगली न्हवती तिच्यावर. माझ्यापाशी दोनदा येऊन रडली. त्यो म्हनला, मी त्या दिवशी खानीवर फिरकलोच न्हाई, सांगलीला हुतो. पोलिसांनी लिवून घेतलं, झालं. ह्या लेकराला मी त्याच सांजंला उचलून आनलं, तिच्या कापडाच्या बोचक्यात ह्यो कॅमेराबी आला. बापानं तिकडंच दुसरं घर केलं.”

“आता तात्यांनी बोलावलंय मला,” मोनाली म्हणाली. तात्या म्हणजे तोच हिंदुराव.

“बायकू मेली, पोटी पोर न्हाई. म्हंतोय, आमच्या रक्ताची पोर, आमच्या घरात ऱ्हाऊ दे, मी लगीन लावून देतो. मी जित्ती हाय तवर न्हाई धाडत.”

“मला जायचंय.” जेवायला वाढ म्हणावं तसं, सपाट. “पण तू हो म्हटल्याशिवाय जाणार नाही.”

“तोंड बघा आरशात. हुबेहूब कांचन. ह्यी तिथं जानार, त्याच्या म्होरं!”

ठरलं असं, की रीळ मी धुवून आणायचं, फोटो त्यांचे, कॅमेरा माझा. घरी येऊन बॅटरी घातली. काउंटरवर शून्य. म्हणजे रीळ पूर्ण वापरलेलं आणि परत डबीत गुंडाळलेलं. आणखी बघायचं काही नव्हतं. कॅमेरा फडताळात एकशे चव्वेचाळिसाव्या जागी गेला.

इचलकरंजीत तेव्हा रीळ धुणारा एकच उरला होता, पापाभाई मुल्लाणी. सत्तरीचा, स्टुडिओत आता मोबाईलची कव्हरं विकायचा.

“कलरची केमिकलं मिळंनात आता,” तो म्हणाला. “ब्लॅक अँड व्हाइटात धुतो. चौदा वर्साचं रीळ, काय निघंल ते तुझं नशीब.”

चोवीसच्या चोवीस निघाले. राख उडवल्यासारखे, करडे, रवाळ, पण निघाले. पापाभाईनं सहा-सहाच्या चार पट्ट्या कापल्या, काचेवर मांडल्या, खालून दिवा लावला, मग एकेकाची कागदावर प्रत काढली. रिळाच्या कडेला कंपनीनं आधीच नंबर छापलेले असतात, एक ते चोवीस. तारीख छापणारं झाकण या मॉडेलला नव्हतं. असतं तर मी हे लिहीत बसलो नसतो.

एक ते अकरा खाण. बारा ते चोवीस घर.

घरचे फोटो साधे होते. अंगण, शेळी, चुलीपुढं बसलेली बाई, तीच बाई आरशात, तीच बाई पदर खोचून हसताना. काही फोटो तिनं काढलेले, त्यात पोरगी. काही पोरीनं काढलेले, ते ओळखू येत, सगळे कमरेच्या उंचीवरून आणि कोपऱ्यात बोट आलेलं.

खाणीचे अकराही पोरीनंच काढलेले.

पहिल्यात फक्त एक हाताचा पंजा. फ्लॅश पडून पांढराफटक झालेला, फोटोभर. दुसऱ्यात पुरुषाचं धड, शर्टाची बटणं, मान वरच्या कडेनं कापलेली. तिसऱ्यात माणूस नाही. पाणी, आणि पाण्यावर वर्तुळं. चौथ्यात पाण्याच्या काठाशी तो पुरुष आणि कांचन, अगदी जवळ. पाचव्यात तो दहा पावलांवर. सहाव्यात आणखी मागं. या कॅमेऱ्याची लेन्स रुंद नजरेची असते, माणूस थोडा लांब गेला की फोटोत फार लहान होतो. सात, आठ, नऊ. तो खाणीच्या चढावर मागं मागं जात राहतो. अकराव्यात चढाच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. आणि पुढे कांचन. पाचव्यात तिच्या कपाळाला आठी आहे. सातव्यात ती मान वळवून त्याच्याकडे बघतेय. नवव्यात आठी गेलेली. अकराव्यात दात दिसेतो हसतेय. तो लांब जातो तशी ती हसायला लागते.

“भरमा,” पापाभाई भिंगातून बघत म्हणाला, “ह्यो मानूस चाललाय न्हवं?”

“हो.”

“मग तोंड हिकडं कसं?”

“वळून बघत असेल.”

“सात फोटोंत साती बार?”

“पापाभाई, एवढा रवा आलाय, तोंड काय आणि पाठ काय!”

त्यानं भिंग माझ्यापुढं सरकवलं. मी बघितलं. करड्या ठिपक्यात करडा ठिपका. पण चेहरा होता. पाय मागं, तोंड पुढं, असा माणूस चढ चढत होता. मी भिंग बाजूला ठेवलं.

पुढचे चार दिवस कामावर मागाखाली आडवा झालो, की तो माणूस दिसायचा. जाणारा माणूस मनातूनही जातो. हा जाईना.

फोटो घेऊन गेलो तो श्रावणातला सोमवार होता. मालनमावशीनं जमिनीवर धोतराचं पान अंथरलं आणि मी त्यावर चोवीस फोटो ओळीनं मांडले. तिनं आधी घरचे बघितले आणि बराच वेळ रडली. मग खाणीच्या ओळीकडे वळली, आणि तिचं रडणं एकदम थांबलं.

“ह्यो हिंदुराव,” चौथ्या फोटोवर बोट ठेवून ती म्हणाली. “खानीवर. म्हनला हुता मी फिरकलोच न्हाई. बघा! त्याच दिसाचं फोटू हाईत ह्ये. ह्यी तीच साडी. इरकल. काठ बघा. पान्यातनं काढली तवा हीच हुती अंगावर, मी माझ्या हातानं सोडवलीया!”

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी तज्ज्ञ होतो ना.

“मावशी, थांबा. तसं नाही.”

“कसं न्हाई?”

“नंबर बघा. फोटो कुठल्या क्रमानं काढले ते रीळ सांगतं. खाण एक ते अकरा. घर बारा ते चोवीस. म्हणजे खाणीचे फोटो आधी काढले. त्यानंतर ती घरी आली, शेळीचे काढले, आरशात काढले, हसली. खाणीवरून परत आलेलं माणूस आहे हे.”

“आनि साडी?”

“बारा नंबर बघा, तेरा बघा. घरात आहे आणि अंगावर हीच इरकल. बाई एक साडी दोनदा नेसली, त्यात काय? हे फोटो आधीच्या कुठल्या तरी दिवसाचे आहेत. त्या दिवशी तो खाणीवर होता, आणि हे बघा, तो निघून चाललाय. नंबरगणिक लांब.”

“आनि ह्यो हात?”

“पहिला फोटो नेहमी असाच वाया जातो. त्यानं पोरीच्या हातात कॅमेरा दिला, बटण कुठं ते दाखवलं, आणि तिनं दाबलं. मग पाण्यात दगड मारला कुणीतरी, त्याचा काढला. मग दोघं बोलत उभे. मग हा गेला.”

मावशीनं फोटोवरचं बोट काढून घेतलं. चौदा वर्षं तिनं एक गोष्ट छातीशी धरून ठेवली होती. तिचा नवरा, भावकी, पोलीस, कुणी तिला खोटं पाडू शकलं नव्हतं. मी रिळाच्या कडेवरचे बारीक आकडे दाखवून पाडलं.

“नंबर चुकत असतील की,” ती हळू म्हणाली.

“ते कारखान्यात छापलेले असतात, मावशी. माणूस चुकेल, रीळ नाही.”

मोनाली इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. ती गुडघ्यावर पुढं आली. घरच्या फोटोंकडे तिनं बघितलंच नाही. पंजाच्या फोटोवर बोट ठेवलं.

“हा पहिला?”

“हो.”

“नक्की?”

“शंभर टक्के.”

“तुला आठवतंय का गं काय?” मावशीनं विचारलं. “तूच काढल्यास ना ह्ये?”

“पाच वर्षांची होते मी. काही आठवत नाही.” आणि ती माझ्याकडे बघत राहिली. इतका वेळ, की मीच नजर काढली. मग म्हणाली, “बरं.”

मावशीनं डोळ्याला पदर लावला. “मग उगंच गं बाई मी त्या मानसाला चौदा वर्सं शिव्या दिल्या.”

गणपतीत मोनाली शिंगणवाडीला गेली. फोटो तिनं सोबत नेले. मावशीचा मला फोन आला, आवाजात ओझं उतरलेल्या माणसाचा मोकळेपणा होता. “तुमच्यामुळं झालं बगा दादा.” मी मनातून खूश झालो. हे लिहायला लाज वाटते, पण झालो.

डिसेंबरात त्याच मॉडेलसाठी एका माणसाचा फोन आला. बदल्यात दुसरे दोन कॅमेरे देत होता, फक्त विचारलं, चालतो का? मी जमवलेल्या कॅमेऱ्यांत कधी रीळ घालत नव्हतो. रीळ मिळायचं मुश्किलीनं, ते असं कशाला उडवायचं? बटणं दाबून मोटर आणि फ्लॅश बघायचो, बस. पण या वेळी दाखवायचं होतं, म्हणून दुपारी जेवून बसलो आणि एक चोवीसचं रीळ घातलं.

वीज गेली होती. इचलकरंजीत वीज गेली की सगळ्या गल्ल्यांतले माग एकदम थांबतात, आणि इतकं गप्प होतं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. त्या शांततेत मी झाकण बंद केलं.

मोटर सुरू झाली. अशा वेळी ती दीड-दोन सेकंद चालते, रीळ पहिल्या फोटोला आणून ठेवते आणि थांबते. ही थांबेना. गुरगुरत राहिली. पाच सेकंद, दहा, पंधरा. मला वाटलं, गिअर मोडला. मग थांबली. काउंटरवर बघितलं.

२४.

मी बटण दाबलं. खट्. मोटर क्षणभर वाजली.

२३.

पुन्हा दाबलं. २२.

आता सरळ सांगतो, कारण हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि बऱ्याच शहाण्यांना आजही नाही. बहुतेक कॅमेरे एकेक फोटो काढत रीळ डबीतून बाहेर ओढतात आणि शेवटी सगळं परत गुंडाळतात. काही कॉम्पॅक्ट मात्र उलटे चालतात. झाकण लावलं की आधी सगळं रीळ बाहेर काढून घेतात, आणि मग एकेक फोटो काढला की तेवढं परत डबीत ओढतात. कारण असं, की चुकून झाकण उघडलं तरी काढलेले फोटो डबीत सुखरूप राहावेत. चांगली सोय आहे. फक्त तिच्यामुळं पहिला फोटो चोवीस नंबरवर येतो. आणि शेवटचा एकवर.

मी फोटोंच्या जादा प्रती ठेवल्या होत्या. चटईवर मांडल्या. चोवीसपासून.

अंगण. शेळी. चूल. आरसा. तेरा, बारा: इरकल नेसून, आवरून, निघायच्या तयारीत. अकरा: खाण. कांचन दात दिसेतो हसतेय, आणि चढाच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा माणूस. दहा: तो थोडा मोठा. नऊ. आठ. सात: तिनं मान वळवून बघितलंय. सहा. पाच: कपाळाला आठी, तो दहा पावलांवर. चार: काठाशी, अगदी जवळ. तीन: पाणी, वर्तुळं, माणूस नाही. दोन: शर्टाची बटणं, पोरीकडे येताना.

एक: हात.

तो जात नव्हताच. त्याचं तोंड आमच्याकडे होतं, कारण तो येत होता.

शिंगणवाडीला मी कसा पोचलो ते आठवत नाही. रस्त्यात दोनदा मोटारसायकल थांबवून मोनालीचा नंबर लावला, बंद लागला. मालनमावशीला फोन करायचं धाडस झालं नाही. काय सांगणार होतो? पोरीला मी त्याच्या घरात नेऊन बसवलं होतं. माझ्या तोंडानं.

गावाबाहेर क्रशर, त्याला लागून घर. क्रशर चालू नव्हतं. पट्ट्यावर धूळ साचलेली. खाणीच्या बाजूला मी बघितलं नाही, पण पाणी आहे हे वाऱ्यावरून कळत होतं.

दार मोनालीनं उघडलं. पदर खोचलेला, हात पिठाचे. त्या आरशातल्या फोटोतून बाहेर आल्यासारखी.

“दादा, तुम्ही? या की.”

“चल,” मी म्हणालो. “जे अंगावर आहे त्यावर चल. मी चुकलो. क्रम उलटा आहे, मोनाली, तो कॅमेरा...”

“हळू बोला. तात्या जेवतायत.”

ती आत वळली. मी मागून गेलो. सोप्यात लाकडी खुर्चीत एक म्हातारा होता. थोराड हाडाचा, पण डावी बाजू लुळी पडलेली, तोंड वाकडं, गळ्याला टॉवेल बांधलेला. पुढं स्टुलावर ताटली, दूधभात. खुर्ची समोरच्या भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. भिंतीवर, जिथं लोक देवांच्या नाहीतर वाडवडिलांच्या तसबिरी लावतात तिथं, अकरा फोटो. मोठे करून, काच लावून, नीट चौकटी करून. डावीकडून उजवीकडे: हसणारी कांचन, ठिपका. मग मोठा ठिपका. मग माणूस. मी एकेक बघत गेलो. शेवटी हात.

बरोबर क्रम होता.

“तुला कुणी सांगितलं?” मी विचारलं.

“काय?”

“क्रम.”

“मी काढलेत ना फोटो,” ती म्हणाली. खाली बसली, घास कालवला, म्हाताऱ्याच्या ओठांशी नेला. “आ करा, तात्या.” त्यानं तोंड उघडलं. “आई म्हणाली, मी हसते, काढ. मी काढत राहिले. ती हसायची थांबली तरी काढत राहिले. मला वाटलं, बटण दाबलं की ती परत हसेल. मग तात्या माझ्याकडे आले. हात पुढं केला. मी दाबलं, फ्लॅश पडला, त्यांनी डोळे झाकले. तेवढ्यात वरून मेंढरं उतरायला लागली. धनगर होता मागं. म्हणून मी आहे.”

“तू म्हणालीस आठवत नाही.”

“तसंच म्हणायचे. सगळ्यांना. हे दिवाळीला गल्लीच्या तोंडाशी यायचे, खाऊ द्यायचे, एकदा विचारलं, तो कॅमेरा कुठं गं? हरवला म्हटलं. होय ना, तात्या?”

म्हातारा घास तसाच तोंडात धरून भिंतीकडे बघत होता.

“मग त्या दिवशी, मी उलटं सांगत होतो तेव्हा का नाही बोललीस?”

“तुम्ही उलटं सांगितलंत म्हणून तर मावशीनं सोडलं मला.” तिनं टॉवेलानं त्याची हनुवटी पुसली. “खरं सांगितलं असतंत तर तिनं मला कोंडून घातलं असतं, आणि फोटो पोलिसांत नेले असते. पोलीस काय करणार होते? ह्यांचा ठिपका मोजणार होते?”

“ह्यांना काय झालं?”

“खंडेनवमीला फोटो लावले. बाकी काही केलं नाही मी. विचारा त्यांना. ओरडले नाही, बोलले नाही. फोटो लावले आणि ह्यांचं ताट मांडलं, इथं, समोर. तिसऱ्या दिवशी सकाळी पडले. डॉक्टर म्हणाले, अर्धांगवायू. सांभाळणारं कुणी आहे का? म्हटलं, मी आहे की.”

“मोनाली, चल. मावशीकडे चल. झालं तेवढं बास झालं.”

“आणि ह्यांचं कोण करणार?”

ते तिनं अगदी खरं विचारलं. मी तिच्या चेहऱ्यावर राग शोधला. सापडला असता तर बरं झालं असतं. राग मला कळतो, मी त्याच्यावरच जगलोय. तो कामात असलेल्या बाईचा चेहरा होता.

“बसा, चहा टाकते,” म्हणून ती आत गेली.

मी भिंतीकडे पाठ करून बसलो. आत भांड्याचा आवाज आला. तेवढ्यात माझ्या मनगटावर काहीतरी पडलं. त्याचा धड राहिलेला, उजवा हात. पंजा तसाच होता, मोठा, बोटं पसरलेली. त्यानं मला धरलं, ओढलं, तोंडाजवळ घेतलं. दूधभाताचा वास आला.

“मला,” तो म्हणाला. अर्ध्या तोंडानं, थुंकी सांडत. “मला न्हे.”

“काय?”

“हितनं न्हे. कुटंबी टाक. दवाखान्यात टाक. रस्त्यावं टाक. पोलिसांस्नी बलीव, मी सांगतो समदं. पर हितनं न्हे रं बाबा.”

त्याचे डोळे माझ्यावर नव्हते. मला धरून तो माझ्या खांद्यावरून भिंतीकडेच बघत होता. मी येताना पोरीला वाचवायला आलो होतो. त्या घरात वाचवा म्हणणारं माणूस एकच होतं, आणि ते हे होतं. नेलं असतं तर कबुली मिळाली असती. पोलीस, कोर्ट, सगळं झालं असतं. मला ते त्याच क्षणी कळलं. तेरा वर्षं झाली, कुणाला हे सांगितलेलं नाही: मला ते कळलं, आणि मी एकेक करून त्याची बोटं माझ्या मनगटावरून सोडवली.

मोनाली कपबशी घेऊन आली. त्याच्या हाताकडे बघितलं, माझ्या मनगटाकडे बघितलं.

“काय म्हणत होते?”

“काही नाही,” मी म्हणालो. “पाणी मागत होते.”

“पाणी?” ती हसली. त्या घरात पहिल्यांदा, दात दिसेतो. “नाही हो दादा. पाणी नाही मागत ते. तोंडाशी भांडं नेलं तरी ओरडतात. मी चमच्यानं पाजते, थोडं थोडं, रोज.”

तिनं जराशी हललेली खुर्ची परत भिंतीसमोर सरळ केली, आणि बशी माझ्यापुढं सरकवली.

“घ्या ना. गार होतोय.”

मी घेतला.